दुप्पट मात्रेचा उंदीर : हुदा झोग्बी यांच्या संशोधनातील एका प्रयोगाचा अभ्यास

ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधील हुदा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये ज्या उंदरांची हकिकत प्रसिद्ध केली, ते उंदीर दहा आठवड्यांच्या सुमारास आपल्या सामान्य भावंडांपेक्षा सरस ठरू लागले होते. फिरत्या दांड्यावर तोल सांभाळण्याचे कसब त्यांना लवकर साधत होते. जिथे एकदा पायाला विजेचा धक्का बसला ती जागा ते अधिक पक्की लक्षात ठेवत होते. स्मरणाशी संबंध असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात चेतापेशींचे आपसांतील दुवेही अधिक सहजपणे बळकट होत होते. त्यांच्यात आणि भावंडांत फरक एवढाच होता की, मेकपी-२ नावाचे प्रथिन त्यांच्या मेंदूत साधारण दुप्पट तयार होत होते. विसाव्या आठवड्यानंतर याच उंदरांना आकडी येऊ लागली, त्यांची हालचाल मंदावली आणि वर्षाचे होईपर्यंत त्यांपैकी सुमारे ३० टक्के मेले.

बाराव्या आठवड्यात नोंदवही मिटली असती, तर हाच प्रयोग ‘बुद्धी वाढवणारे जनुक’ म्हणून गाजला असता आणि ते विधान त्या दिवसापुरते खरेही ठरले असते. झोग्बी यांच्या नावावर याहून प्रसिद्ध शोध आहेत. तरीही त्यांच्या कामाची जात मला याच प्रयोगात सर्वांत स्पष्ट दिसते. जनुक आहे की नाही, बिघडले आहे की शाबूत आहे, एवढ्यावर बहुतेकांचा प्रश्न संपतो, तर त्यांचा प्रश्न ‘किती’ असा होता. आणि त्याचे उत्तर येईपर्यंत उंदीर म्हातारे होऊ देण्याची त्यांची तयारी होती.

रुग्णापासून सुरुवात

झोग्बी यांचा जन्म १९५४ मध्ये बैरूत येथे झाला. त्यांना इंग्रजी साहित्य शिकायचे होते. आईच्या आग्रहामुळे त्या वैद्यकाकडे वळल्या आणि अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ बैरूतमध्ये दाखल झाल्या. १९७५ मध्ये लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटले. धाकट्या भावाला बॉम्बगोळ्याचा तुकडा लागला, तेव्हा आईवडिलांनी मुलांना टेक्सासमधील बहिणीकडे पाठवून दिले. मुक्काम काही महिन्यांचा ठरला होता, पण परतीचा रस्ता उघडलाच नाही. नॅशव्हिलच्या मेहॅरी मेडिकल कॉलेजमधून त्यांनी १९७९ मध्ये पदवी घेतली आणि बालरोगांच्या प्रशिक्षणासाठी त्या बेलरमध्ये आल्या.

तेथेच १९८३ मध्ये त्यांनी रेट सिंड्रोम असलेली पहिली मुलगी तपासली. व्हिएन्नाच्या आंद्रेआस रेट यांनी १९६६ मध्ये जर्मन भाषेत या आजाराचे वर्णन केले होते, परंतु इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांपर्यंत तो पोहोचला १९८३ मध्ये, बेंग्ट हागबर्ग आणि सहकाऱ्यांनी ३५ मुलींचा वृत्तांत छापला तेव्हा. बाळ सहा ते अठरा महिन्यांचे होईपर्यंत घरच्यांना शंका येण्यासारखे फारसे काही नसते. मग शिकलेले शब्द जातात, खेळणे धरणारे हात ते धरेनासे होतात आणि त्याच हातांची, ओले फडके पिळावे तशी, एक अखंड चाळवाचाळव सुरू होते, ती झोपेखेरीज थांबत नाही. डोक्याची वाढ मंदावते, श्वास मध्येच रोखला जातो, पुढे आकडी येते. पहिल्या मुलीनंतर थोड्याच दिवसांत झोग्बी यांच्यासमोर दुसरी मुलगी आली. इतक्या वेगळ्या घरांतील दोन मुलींचे हात इतके सारखे चालत असतील, तर मुळाशी एकच कारण असले पाहिजे, अशी त्यांची खूणगाठ बसली.

ते कारण जनुकात असावे, असे म्हणणे सोपे होते; ते शोधण्याचे साधन मात्र हाताशी नव्हते. जनुकाचा माग काढण्याची त्या काळातली रीत म्हणजे एकाच कुटुंबातील अनेक आजारी व्यक्तींची गुणसूत्रे ताडून पाहणे, आणि रेट सिंड्रोम जवळजवळ नेहमी घरात एकटाच येतो. मार्गदर्शक आर्थर ब्यूडे यांनी त्यामुळे दुसरा, वंशावळीत स्पष्ट दिसणारा आजार आधी घ्यावा, असे सुचवले. झोग्बी यांनी तोल आणि चाल बिघडवणारा, पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया-१ हा विकार निवडला. रेटच्या मुली त्यांनी सोडल्या नाहीत, त्यांचे रक्त आणि नोंदी जमवणे चालूच राहिले.

हा वळसा पुढे फार उपयोगी पडला. मिनेसोटाचे हॅरी ऑर आणि झोग्बी यांच्या गटांना अटॅक्सियाचे जनुक १९९३ च्या एप्रिलमध्ये एकाच दिवशी सापडले. त्यात डीएनएची सी-ए-जी ही तीन अक्षरे प्रमाणाबाहेर पुन्हापुन्हा आलेली असतात. १९९५ मध्ये दोन्ही गटांनी मिळून असे लांबलेले जनुक उंदराच्या लहान मेंदूतील पुरकिन्ये पेशींत घातले आणि उंदीर माणसासारखाच झोकांड्या खाऊ लागला. मात्र आपल्या प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष २००० मधला आहे. त्या जनुकापासून बनणारे अटॅक्सिन-१ हे प्रथिन, बिघाड नसलेले आणि पूर्ण निरोगी असले, तरी फार जास्त झाले तर पेशी झिजतात, असे हुआन बोटास यांच्यासोबत केलेल्या फळमाशीवरील कामात दिसले. म्हणजे प्रथिन चांगले असूनही त्याच्या निव्वळ प्रमाणामुळे रोग होऊ शकतो, ही गोष्ट या प्रयोगशाळेला चार वर्षे आधीपासून ठाऊक होती. २००४ चे निकाल वाचताना हे विसरता कामा नये. अशी नजर एका रात्रीत येत नाही.

जनुक आणि पहिले उंदीर

रेटचे जनुक १९९९ मध्ये सापडले. दूरच्या नात्यांतून आजार दिसलेली अगदी मोजकी कुटुंबे मिळाली, त्यांत स्टॅनफर्डच्या उटा फ्रँके यांच्या गटाचीही मदत होती, आणि शोधाची हद्द एक्स गुणसूत्राच्या टोकाकडील एका पट्ट्यापर्यंत आली. मग त्या पट्ट्यातील जनुके एकामागून एक वाचणे एवढेच उरले. झोग्बी यांच्या प्रयोगशाळेतील रुथी अमीर हे काम करत होत्या आणि त्यांना बिघाड सापडला तो एमईसीपी२ या जनुकात. पहिली मुलगी तपासल्याला तोवर सोळा वर्षे झाली होती.

हे जनुक अनपेक्षित होते. त्यापासून बनणारे मेकपी-२ हे प्रथिन एडिंबराच्या एड्रियन बर्ड यांच्या गटाने १९९२ मध्येच शोधलेले होते. डीएनएवर जिथे मिथाइल गटाची खूण असते तिथे ते चिकटते आणि इतर जनुके किती बोलावीत, किती गप्प राहावीत यावर त्याचा अंमल चालतो. ते शरीरभर आढळते. एवढ्या सर्वसाधारण कामाचे प्रथिन बिघडल्यावर नेमकी लहान मुलींची बोली आणि हातच का जावेत, हा प्रश्न माणसाचे रक्त तपासून सुटणारा नव्हता. त्यासाठी मेंदू उघडून पाहता येईल असा प्राणी हवा होता.

२००१ मध्ये बर्ड यांच्या आणि रुडॉल्फ येनिश यांच्या गटांनी वेगवेगळे उंदीर तयार केले, त्यांतील नरांमध्ये हे जनुक पूर्ण निकामी होते. ते काही आठवड्यांतच आजारी पडून मरत. झोग्बी यांच्या गटाने २००२ मध्ये वेगळा मार्ग घेतला. त्यांनी जनुक काढून टाकले नाही, प्रथिनाची साखळी ३०८ व्या अमिनो आम्लावर तोडली, म्हणजे अर्धेमुर्धे काम करणारा तुकडा शिल्लक ठेवला. हा उंदीर सुमारे सहा आठवडे धडधाकट दिसतो. मग कापरे भरते, पाठीला बाक येतो, आकडी येते. निरोगी उंदराला शेपटीला धरून उचलले तर तो चारही पाय पसरून आधार शोधतो. या उंदराला उचलले की तो पुढचे दोन्ही पंजे छातीशी ओढून एकमेकांवर पुन्हापुन्हा फिरवत राहतो. ज्याने रेटची मुलगी पाहिली आहे त्याला ही हालचाल ओळखायला मापनाची गरज लागणार नाही. अर्थात उंदराचे पंजे म्हणजे मुलीचे हात नव्हेत, आणि या साम्यावर किती भार टाकावा याबद्दल मतभेद होऊ शकतात.

दुप्पट

कमतरतेमुळे आजार होत असेल तर उणीव भरून काढावी, हा विचार सरळ आहे. येथे अडचण अशी की रेटच्या मुलीच्या मेंदूत उणीव सगळीकडे सारखी नसते. मुलीला दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि प्रत्येक पेशीत त्यांपैकी एकच उघडे राहते. त्यामुळे तिच्या मेंदूत निम्म्याच्या आसपास पेशींत प्रथिन पूर्ण असते आणि उरलेल्यांत ते कामाचे नसते, आणि या दोन्ही प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात. बाहेरून जनुक दिले तर ते फक्त गरजू पेशींत जाणार नाही. ज्या पेशीचे पोट भरलेले आहे तिलाही दुसरे पान वाढले जाईल. त्या पेशीचे काय होईल, हे उपचाराची भाषा बोलण्याआधी ठाऊक असणे आवश्यक होते.

प्रयोगशाळेने माणसाचे संपूर्ण एमईसीपी२ जनुक, त्याच्या स्वतःच्या नियंत्रक भागासह, उंदरात घातले. हे स्वतःचे नियंत्रण ठेवणे महत्त्वाचे होते. परक्या, जोरकस नियंत्रकाखाली जनुक दहापटीने चालवून उंदीर आजारी पाडणे अवघड नसते आणि त्यातून फारसे कळतही नाही. येथे प्रथिन योग्य पेशींत, योग्य वेळी, फक्त दुप्पट होत होते. हेच जनुक मूळ जनुक निकामी असलेल्या उंदरात असले की तो उंदीर वाचत होता, म्हणजे घातलेली प्रत खरोखर काम करणारी होती. पुढे जे घडले त्याचे खापर सदोष जनुकावर फोडण्याची सोय त्यामुळे उरली नाही.

चाचण्या कशा होत असत, हे थोडे जवळून पाहू. रोटारॉड म्हणजे आडवा फिरणारा दांडा. उंदराला त्यावर ठेवतात, फिरण्याचा वेग हळूहळू वाढवतात आणि तो किती सेकंदांनी खाली पडतो हे मोजतात. पहिल्या दिवशी सगळेच पडतात. पुढच्या दिवसांत कोण किती सुधारतो यावरून शिकण्याची क्षमता ठरते. भीतीच्या चाचणीत उंदराला एका पेटीत सोडतात, थोड्या वेळाने जाळीतून पायाला सौम्य धक्का देतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पेटीत, धक्का न देता, तो किती वेळ जागच्या जागी थिजून राहतो ते पाहतात. थिजणे जितके जास्त तितकी त्या जागेची आठवण पक्की. दोन्ही चाचण्यांत दुप्पट मात्रेचे उंदीर वरचढ होते. ‘अधिकस्य अधिकं फलम्’ म्हणावे असा निकाल.

तरीही चांगले दिसणारे उंदीर पिंजऱ्यात ठेवून पुढचे चाळीस आठवडे पाहत राहणे हा आपोआप होणारा निर्णय नाही. प्रत्येक पिंजऱ्याचा रोजचा खर्च असतो, जागा मोजकी असते, शोधनिबंधासाठी घाई असते, आणि उंदीर म्हातारा झाला की त्याला वयामुळेही चार गोष्टी होतात, त्यामुळे निष्कर्ष काढणे उलट अवघड होते. रेट सिंड्रोमचे रुग्ण पाहिलेल्या डॉक्टराला मात्र एक गोष्ट अंगवळणी पडलेली असते : सहाव्या महिन्यात हसणारे बाळ हा पुरावा नसतो. झोग्बी यांनी उंदरांना रुग्णाप्रमाणे दीर्घकाळ पाहिले, असे मी म्हणेन. विसाव्या आठवड्यानंतर जे दिसले त्यावरून आधीच्या हुशारीचाही अर्थ बदलला. दुवे सहज बळकट होणे आणि पुढे मेंदूत अनावर विद्युत उद्रेक होणे या एकाच प्रक्रियेच्या दोन अवस्था असाव्यात, असे मानायला आता जागा होती.

निबंधाच्या शेवटी त्यांनी एक अंदाज मांडला. हे जनुक दुप्पट झाल्यामुळे माणसांतही उशिरा प्रकटणारे, एक्स गुणसूत्राशी जोडलेले मेंदूविकार होत असावेत, असा तो होता. हे लिहिले गेले तेव्हा असा कोणताही आजार वैद्यकाच्या पुस्तकात नव्हता.

माणसांत

तो फार काळ अंदाज राहिला नाही. २००५ मध्ये बेल्जियमच्या हिल्डे व्हान एश आणि सहकाऱ्यांनी तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलग्यांमध्ये एक्स गुणसूत्राचा नेमका हाच भाग दुबार असल्याचे दाखवले. जर्मनीतूनही त्याच वर्षी असा एक मुलगा नोंदवला गेला. आज याला एमईसीपी२ डुप्लिकेशन सिंड्रोम म्हणतात. बाळपणी अंग लुळे, बोलणे नाही किंवा अगदी थोडे, छातीचे संसर्ग वारंवार, पुढे आकडी आणि हातापायांत वाढत जाणारा ताठरपणा, असे त्याचे रूप असते. ज्या आईकडून हे गुणसूत्र येते ती बहुधा निरोगी दिसते, कारण तिच्या पेशींत दुबार भाग असलेलेच एक्स गुणसूत्र प्रामुख्याने मिटलेले असते.

येथे उंदराचा आणखी एक उपयोग झाला. मुलग्यांमध्ये दुबार झालेल्या तुकड्यात शेजारची इतर जनुकेही सापडतात आणि तुकड्याची लांबी प्रत्येक कुटुंबात निराळी असते, त्यामुळे दोष नक्की कोणाचा, हे फक्त रुग्ण पाहून सांगता येत नाही. उंदरात वाढवले होते ते एमईसीपी२, आणि तेवढ्याने मेंदूची बहुतेक लक्षणे उभी राहिली होती. आजार आधी माणसात दिसतो आणि मग त्याची नक्कल उंदरात करतात, हा नेहमीचा क्रम येथे उलटा झाला, आणि एरवी नाव नसलेल्या निदानात वर्षे घालवणाऱ्या कुटुंबांना तपासणीची दिशा मिळाली.

निम्मे

मात्रेचा हा धागा पुढे अनपेक्षित ठिकाणीही लागला. जनुक हव्या त्या पेशींत, हव्या त्या वेळी काढता यावे म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना कापण्याच्या खुणा बसवलेले उंदीर ठेवलेले असतात. खुणा बसवल्या तरी जोवर कापलेले नाही तोवर हा उंदीर सामान्य मानला जातो आणि तुलनेसाठी वापरला जातो. एमईसीपी२ च्या अशा एका प्रचलित वाणात, काहीही न कापता, प्रथिन निम्म्यावर आलेले आहे, असे २००८ मध्ये झोग्बी यांच्या गटाने दाखवले. हे ‘सामान्य’ उंदीर शिकण्यात मागे होते, त्यांचे श्वसन आणि आपसांतील वागणे बदललेले होते. तुलनेचा काटाच खोटा असू शकतो, हे कळणे कोणत्याही प्रयोगशाळेला सुखद नसते, पण त्यातून निम्मी मात्राही पुरत नाही हे सिद्ध झाले. त्याच वर्षी निकामी आणि दुप्पट अशा दोन्ही उंदरांच्या मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाची तुलना करून, ज्या हजारो जनुकांवर मेकपी-२ चा परिणाम होतो त्यांपैकी सुमारे ८५ टक्के जनुके ते गप्प न करता चालू करत असावे, असा निष्कर्ष याच गटाने मांडला. तोवर या प्रथिनाची ओळख गप्प करणारे अशीच होती. दोन टोकांचे उंदीर हाताशी नसते तर ही तुलना शक्य झाली नसती.

एका मर्यादेचा उल्लेख येथे करणे भाग आहे. निकामी जनुकाचे प्रयोग दीर्घकाळ नर उंदरांवर झाले, कारण त्यांच्या सगळ्या पेशी सारख्या असतात, लक्षणे लवकर आणि ठळक येतात. आजार मात्र प्रामुख्याने मुलींचा आहे आणि मुलीच्या मेंदूतील पेशींची सरमिसळ नरात नाही. मादी उंदरांत लक्षणे काही महिन्यांनी, विखुरलेली येतात, म्हणून त्यांच्यावरचे काम संथ आणि महाग ठरते. तरीही मुलींसाठीच्या उपचाराची परीक्षा तिथेच व्हायला हवी, आणि झोग्बी यांच्या पुढच्या कामात, उदाहरणार्थ लक्षणे येण्याआधीच सराव दिल्यास ऱ्हास लांबतो हे दाखवणाऱ्या २०२१ च्या प्रयोगात, मादी उंदीरच होते.

मात्रा उतरवताना

२००७ मध्ये एड्रियन बर्ड यांच्या गटाने, बंद ठेवलेले जनुक आजारी पडलेल्या प्रौढ उंदरात पुन्हा चालू करून दाखवले आणि मरणपंथाला लागलेले उंदीर सुधारले. त्याच प्रयोगात जनुक एकदम चालू केल्यावर काही उंदीर दगावले, हळूहळू चालू केल्यावर वाचले. पहिल्या निकालाच्या बातम्यांत हा तपशील झाकला गेला. रेटसाठी सध्या चाचणीत असलेल्या जनुकोपचारांत प्रथिन ठरावीक मर्यादेपुढे जाऊ नये म्हणून स्वतःला आवर घालणारी रचना मुद्दाम ठेवलेली असते, ती अशाच अनुभवामुळे.

दुप्पट मात्रेच्या आजारात प्रश्न उलटा होता : जास्त झालेले कमी करायचे. २०१५ मध्ये झोग्बी यांच्या गटाने माणसाच्या एमईसीपी२ च्या आरएनएला, म्हणजे जनुकावरून प्रथिन बनवताना वापरल्या जाणाऱ्या नकलेला, जुळून ते नष्ट करायला लावणारे छोटे कृत्रिम रेणू, ज्यांना अँटिसेन्स म्हणतात, प्रौढ आणि आधीच आजारी असलेल्या उंदरांच्या मेंदूच्या पोकळीत पंपाद्वारे चार आठवडे सोडले. प्रथिन उतरले, आकडी थांबली. वागणूक मात्र लगेच सुधारली नाही, त्याला आणखी काही आठवडे जावे लागले. प्रथिनाची पातळी आणि मेंदूची घडी यांचा वेग एक नसतो, हे येथेही वाट पाहिल्यामुळेच दिसले.

या यशात एक सुरक्षित जाळी दडलेली होती आणि ती प्रयोगशाळेनेच उघड करून सांगितली. उंदराकडे दोन प्रती होत्या, एक माणसाची आणि एक त्याची स्वतःची. औषध फक्त माणसाच्या प्रतीला ओळखत होते. ते कितीही दिले तरी उंदराची मूळ प्रत शाबूत राहणार, म्हणजे पातळी सामान्याच्या खाली जाणारच नव्हती. आजारी मुलग्याकडे अशी जाळी नाही. त्याच्या दोन्ही प्रती एकसारख्या आहेत, औषध दोन्हींना ओळखणार, आणि मात्रा थोडी चढली तर दुप्पटीचा आजार उतरवता उतरवता त्याला रेटकडे ढकलले जाण्याचा धोका आहे. म्हणून गटाने पुन्हा उंदीर घडवला. या वेळी त्याची स्वतःची प्रत काढून टाकून माणसाच्याच दोन प्रती दिल्या. २०२१ मध्ये या उंदरांवर औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा तपासल्या गेल्या. प्रथिन किती उतरले, त्याच्या अमलाखालील कोणती जनुके कुठवर परतली आणि वागणूक किती सुधारली, हे प्रत्येक मात्रेगणिक नोंदले गेले. सुधारणा मात्रेच्या प्रमाणात होत होती आणि विषारी परिणाम दिसला नाही. मेंदूत पातळी किती राहिली आहे हे उंदराचा मेंदू काढून मोजता येते. मुलाच्या बाबतीत ते दुरून, इतर खुणांवरून ओळखावे लागणार आहे.